फायनलच्या दिवशी स्टेडियमबाहेरची दारू: पोलिस नेमकं काय करतात आणि समर्थकांनी काय करायचं?

पेठेचा_झेंडा

मंडळी, आमच्या तालमीचा फुटबॉल संघ फायनलला पोचलाय. सामना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, दुपारी चारला. पोलिस ठाण्यात दोन्ही बाजूंच्या समर्थकांची बैठक झाली. आमच्यातल्या काही जणांना नोटिसा दिल्या आणि कोणी दारू पिऊन आत आला तर जबाबदारी तुमची, असं तोंडी बजावलं. तालमीची वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरं सांभाळा. पोरं म्हणतात, बाहेर प्यालो तर कुणाच्या बापाचं काय जातंय.

जाणकारांना थेट विचारतो. या नोटिसेवर सही करायची का, आणि केली तर आपण कशाला बांधले जातो? नुसता तोंडाला वास आला म्हणून पोलिस उचलू शकतात का, कोणतं कलम लावतात? परवाना काढलेला असेल तर चालतं का? गेटवर आमचे स्वयंसेवक उभे करायचे तर त्यांनी काय तपासायचं? आमच्यातली बरीच पोरं पोलिस भरतीची तयारी करतायत, त्यांच्यावर काय परिणाम होतो हेही सांगा.

अजून एक. पोरं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात. कॉलेजच्या फुटबॉल सामन्याआधी स्टेडियमबाहेर गाड्या लावून, शेगड्या पेटवून, हातात ग्लास घेऊन उभी असतात सगळी. तिथं चालतं, मग इथं का नाही, या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचंय. गप्प बसा म्हणून भागत नाही.

---

खाकी_निवृत्त

आधी नोटीस. तुम्हाला मिळालीय ती बहुतेक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खालची असेल, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १४९ ची. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिस ती देतात. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे आणि सही म्हणजे कबुली नव्हे. मिळाली एवढंच सही सांगते. सही करा, खाली तारीख आणि वेळ आपल्या हातानं घाला, एक प्रत मागून घ्या. एखादं वाक्य मान्य नसेल तर तिथंच दोन ओळीत लिहा. सही नाकारून काही मिळत नाही, उलट पंचांसमोर तसा शेरा मारला जातो आणि पुढं चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखायची हमी लिहून घेण्याच्या कारवाईची वेळ आली तर तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

दुसऱ्यानं प्यायली म्हणून तुमच्यावर गुन्हा होत नाही. पिणं हा ज्याचा त्याचा गुन्हा. पण टेम्पो तुम्ही ठरवला, त्यात खंबे तुम्ही भरले, वर्गणीतून पैसे दिले, तर मात्र तुम्ही आयोजक झालात. वर्गणीच्या वहीत 'नाश्ता' म्हणून दाखवलेला खर्च ऑनलाइन पेमेंटच्या नोंदीत वाईन शॉपच्या नावानं निघतो, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता बंदोबस्त कसा चालतो ते बघा. फुटबॉलच्या बंदोबस्ताला तीन कडी असतात: बाहेरचे रस्ते, गेट आणि गॅलरी. दारूचं काम खरं म्हणजे पहिल्या कड्यात व्हायला पाहिजे. सामना चारला असेल तर पिणं एक-दीडच्या सुमारास सुरू होतं. जागा ठरलेल्या असतात: काचा वर केलेली चारचाकी, बंद दुकानाचा कट्टा, चायनीजची गाडी, गल्लीतली अर्धवट बांधकामं. मिरजकर तिकटीपासून खासबागेच्या बाजूपर्यंत तासाभरात दोन फेऱ्या पायी मारल्या तर निम्मी गर्दी आपोआप पांगते. गाडीतून फेरी मारली की लांबून दिवा दिसतो, ग्लास सीटखाली जातात, गाडी गेली की परत वर येतात. त्यामुळं पायी गस्त आणि तीही साध्या वेशातल्या दोघांसकट, असा आग्रह तुम्ही पुढच्या बैठकीत धरा. समर्थकांनी मागणी केली की त्याला वजन येतं.

चायनीजच्या गाडीवर किंवा टपरीवर ग्लास-पाणी पुरवून बसू दिलं तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चं कलम ६८ गाडीवाल्यावर लागतं आणि तिथं पीत बसलेल्यांवर कलम ८४. रस्त्यावर किंवा लोकांची ये-जा असलेल्या जागी झिंगून धिंगाणा घातला तर ८५. आरडाओरडा, अचकट-विचकट हावभाव, शिवीगाळ यांसाठी महाराष्ट्र पोलिस अधिनियमाची ११० आणि ११२ ही कलमं ११७ सह. त्याच कायद्याच्या ६८ आणि ६९ खाली पोलिसांची रास्त सूचना पाळावी लागते, नाही पाळली तर बाजूला नेऊन बसवता येतं. सामन्याच्या दिवशी ठाण्यात बसवून ठेवलेली पोरं बहुतेक याच कलमांखालची असतात.

दुकानं बंद ठेवण्याबद्दल लोक नेहमी विचारतात. दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ खाली जिल्हाधिकारी लेखी आदेशानं दारूची दुकानं ठरावीक वेळ बंद ठेवू शकतात. दंग्याची चिन्हं अगदी समोर दिसत असतील तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलिस अधिकारीही तसं सांगू शकतो. माझं मत विचाराल तर नुसत्या दुकानबंदीनं काम होत नाही. आदल्या संध्याकाळी साठा होतो. बंदीबरोबर टपऱ्या आणि पार्किंगची तपासणी नसेल तर तो नुसता कागद राहतो.

एक गोष्ट फार महत्त्वाची. गॅलरी भरलेली असताना मधूनच एकाला ओढून काढलं की त्याच्याबरोबर पन्नास जण उठतात, पायऱ्यांवर चेंगराचेंगरीची वेळ येते. म्हणून समजदार अधिकारी आत हात घालत नाही. चित्रीकरण करून ठेवतो, चेहरा ओळखतो आणि सामना सुटल्यावर गेटवर किंवा संध्याकाळी घरी जाऊन उचलतो. आत कोणी काही बोललं नाही म्हणजे सुटलो, असं समजणारी पोरं इथंच फसतात.

---

गेट_नंबर_तीन

स्वयंसेवकांनी काय तपासायचं ते सांगतो, कारण हे काम बहुतेक ठिकाणी चुकीच्या पद्धतीनं होतं.

पहिला नियम: स्वयंसेवकानं कुणाच्या खिशात हात घालायचा नाही. अंगझडती पोलिसांची, आणि बायका-मुलींची फक्त महिला पोलिसांची. आपल्या माणसानं रांग लावायची, पिशवी उघडायला सांगायची आणि संशय आला तर शेजारच्या हवालदाराकडं बोट दाखवायचं. एवढी मर्यादा पाळली की भांडणं होत नाहीत.

दारू आत येते ती तीन रूपांत. सगळ्यात जास्त येते कोल्ड्रिंकच्या बाटलीतून मिक्स करून. काळं पेय असेल तर रंगावरून काही कळत नाही. झाकण बघायचं: सीलचं कडं तुटलेलं असेल आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल, तर तिच्यात काहीतरी ओतलेलंच असतं. कंपनीतून भरून आलेल्या बाटलीत वर बोटभर जागा मोकळी असते. दुसरं रूप म्हणजे टेट्रापॅक, ९० किंवा १८० मिलिलिटरचे. कर्नाटकात ते सर्रास मिळतात आणि निपाणी काही लांब नाही. मोज्यात, बनियनच्या आत, ढोलाच्या खोळीत चपट बसतात. तिसरं रूप म्हणजे पोटातून आलेली, आणि त्रास सगळ्यात जास्त तिचाच.

यातल्या पहिल्या दोहोंवर एकच तोडगा आहे: कुठलीच बाटली आत नाही, पाण्याचीसुद्धा नाही. पण मग आत पाणी द्यावंच लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी न देता बाटल्या काढून घेतल्या तर अर्ध्या तासात गेट तुटेल. वीस लिटरचे जार ठेवा, हजार माणसांमागं निदान पंचवीस, म्हणजे माणशी अर्धा लिटर. कागदी पेले ठेवा. जार गॅलरीच्या पायथ्याला, वरच्या पायरीवर नाही, कारण रिकामा जारही मैदानात भिरकावला जातो. झेंड्याच्या काठ्यांचंही तेच, बांबू आणि लोखंडी पाइप बाहेर, पातळ पोकळ प्लॅस्टिकची नळी चालेल.

तिसऱ्या रूपासाठी रांग लांब ठेवा. हे उलटं वाटेल, पण गेटसमोर बॅरिकेडची नागमोडी वाट केली की माणूस तीस-चाळीस पावलं एकटा चालत येतो आणि त्याची चाल दिसते. घोळक्यात दोघांच्या खांद्यावर हात टाकून आलेला झिंगलेला माणूस ओळखूच येत नाही. वाट एका वेळी एकच जाईल एवढी, साधारण तीन फूट. सव्वातीनच्या आत निम्मी गर्दी आत घ्या. चारला पाच मिनिटं असताना बाहेर हजारभर लोक राहिले की तपासणी संपलीच, मग फक्त लोटालोटी.

ज्याला परत पाठवायचा त्याला एकटा सोडू नका. त्याच्या पेठेतला, त्याला नावानं ओळखणारा माणूस हवा. "चल भावा, जरा बाहेर बसू" असं ओळखीच्यानं म्हटलं तर तो येतो, गणवेशातल्यानं म्हटलं तर अडतो. तिकिटाचे पैसे जागेवर परत देण्याची सोय ठेवा. अर्धी हुज्जत त्या पैशांवरूनच होते.

---

पेठेचा_झेंडा

साहेब, दादा, दोघांचेही आभार. ढोलाच्या खोळीचं डोक्यातच आलं नव्हतं. मध्यंतराचं काय करायचं ते सांगा. पोरं पूर्वार्ध बघून बाहेर जातात आणि दहा मिनिटांत परत येतात. आणि कोणी वकील असतील तर वास आणि परवान्याचं सांगा.

---

काळा_कोट_करवीर

वास येणं आणि गुन्हा शाबित होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पोरं नेहमी त्या एकत्र करतात, कधी उगाच घाबरतात तर कधी उगाच माजतात.

दारूबंदी अधिनियमाच्या कलम १२९-अ प्रमाणं एखाद्यानं दारू घेतलीय असं मानायला वाजवी कारण असेल तर पोलिस त्याला नोंदणीकृत डॉक्टरांसमोर तपासणीसाठी आणि रक्त घेण्यासाठी नेऊ शकतात. वास, तोल जाणं, अडखळतं बोलणं एवढं कारण त्यासाठी पुरतं. नकार दिला, अंग आखडून घेतलं, तर वाजवी बळ वापरायची मुभा त्याच कलमात आहे. म्हणून तिथं हुज्जत घालू नये. हात उचलला किंवा ढकलाढकली झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, जुनं ३५३. ते अजामीनपात्र आहे. दंडावर सुटणाऱ्या प्रकरणातून पोरगं कोठडीत जातं ते बहुतेक वेळा या एका धक्क्यामुळं.

शिक्षेसाठी मात्र नुसता वास पुरत नाही. वास, डगमगती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर दारू प्यायल्याचं शाबित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये बच्चूभाई कर्याणी प्रकरणात सांगितलंय. म्हणून रक्त घेतात. कलम ६६ च्या पोटकलम २ मध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के दिलीय, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. तेवढं किंवा जास्त निघालं की ती दारू औषधातली वगैरे होती हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं.

रक्त कसं घ्यायचं याचे १९५९ चे नियम आहेत आणि प्रकरणं कोलमडतात ती तिथंच. कातडी पुसायला स्पिरिट वापरायचं नाही, निर्जंतुक पाणी वापरायचं. रक्त निदान ५ मिलिलिटर. कुपीत गोठणरोधक आणि टिकवणारं द्रव्य असलं पाहिजे, कुपी हलवून ते रक्तात मिसळलं पाहिजे, सील लागलं पाहिजे, नमुना सात दिवसांत तपासणी अधिकाऱ्याकडं पोचला पाहिजे. घाईच्या दिवशी कोणी सवयीनं स्पिरिटचा बोळा फिरवला की बचावाचा पहिला प्रश्न तोच. १९६३ च्या उखा कोल्हे प्रकरणात रक्त कसं घेतलं, कसं जपलं आणि कसं पाठवलं याचा पुरावा किती नेटका हवा हे घटनापीठानं सांगितलंय. हे पोलिस मित्रांसाठीही लिहितोय. गर्दीच्या दिवशी दहा जणांना एकदम मेडिकलला नेलं की कुप्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. एका वेळी एक माणूस, एक कुपी, एक अर्ज. तेवढा वेळ द्यावाच लागतो.

आता परवाना. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना अगदी पाच रुपयांत मिळतो. पण वय महत्त्वाचं: बिअर आणि वाईनला २१ पूर्ण, बाकी मद्याला २५ पूर्ण. तुमच्या गॅलरीतली बहुतेक पोरं २५ च्या आतली असणार, त्यांच्या हातातली क्वार्टर विनापरवानाच धरली जाते. आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाकडं आजीवन परवाना असला तरी तो रस्त्यावर प्यायची सूट देत नाही, धिंगाण्याची तर नाहीच नाही.

गोवा-कर्नाटकाचा माल आणायचाच नाही, हे पोरांच्या डोक्यात नीट बसवा. महाराष्ट्राचा कर न भरलेली बाटली गाडीत सापडली की प्रकरण कलम ६६ (पिणं-बाळगणं) वरून कलम ६५ (बेकायदा आयात) वर जातं, शिक्षा वाढते आणि गाडी जप्त होते. बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतंच, त्यामुळं बचावाला जागा उरत नाही. स्वस्त पडते म्हणून आणलेल्या दोन बाटल्यांसाठी वडिलांच्या नावावरची गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडते.

१८ च्या आतल्या पोराला कोणी पाजली तर तो वेगळा आणि फार मोठा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. थोरल्या पोरांना हे कलम वाचूनच दाखवा.

भरतीचं सांगतो. गुन्हा दाखल झाला की तो चारित्र्य पडताळणीत दिसतो, मग दंड भरून मिटलेला का असेना. अर्जात विचारलं असेल तर लिहायचंच. किरकोळ प्रकरण खरं खरं लिहिलं तर विचार होऊ शकतो. लपवलं तर लपवल्याबद्दलच नेमणूक जाऊ शकते. २०१६ चा अवतार सिंग निकाल नेमका यावर आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिस बहुतेक वेळा अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन सोडतात. पोरांना वाटतं, सोडलं म्हणजे संपलं. नोटीस म्हणजे गुन्हा नोंद झालाय. तिच्यावरच्या तारखेला हजर राहायचं, नाहीतर त्याच कारणावरून अटक होते.

---

सलाईन

रक्तातल्या आकड्यांचा विषय निघालाय म्हणून हिशेब मांडतो. पोरांना कलमांपेक्षा हा हिशेब लवकर पटतो.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. ६५ किलोच्या पोरानं रिकाम्या पोटी ती झटकन संपवली तर रक्तातलं प्रमाण १३५ ते १४० मिलिग्रॅमपर्यंत जातं. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं, लिंबूपाणी प्या, अंघोळ करा, उलटी काढा, त्यानं हा वेग वाढत नाही. दुपारी दोनला प्यायलेला सहाला सामना सुटल्यावर दुचाकीला किक मारतो तेव्हा त्याच्या रक्तात अजून ७५-८० मिलिग्रॅम असतं. गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. तिच्या खाली यायला त्याला रात्रीचे नऊ वाजतात. स्ट्राँग बिअरची एक ६५० ची बाटलीही त्याच पोराला ९० च्या आसपास नेते. 'मी फक्त बिअरच घेतलीय' याला काही अर्थ नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. फुंकायच्या यंत्राबद्दल एक तांत्रिक गोष्ट: नुकताच घोट घेतला असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळं आकडा खोटा वाढतो. पंधरा मिनिटं थांबवून परत फुंकून घेणं बरोबर, आणि प्रत्येकाला नवी नळी. ती मागायला संकोच करू नका.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर गोष्ट. गर्दीत पडलेल्या माणसाला 'जास्त झालीय, झोपू दे' म्हणून भिंतीला टेकवून सोडतात. तसं करू नका. डोक्याला मार लागलेला, साखर उतरलेला, ऊन लागलेला आणि दारू चढलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. त्यातून दगड-बाटली फेकाफेक झाली असेल तर डोक्यावर बोटं फिरवून सूज-रक्त आहे का बघा. हाक मारून, खांदा दाबून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटका आला असेल तर १०८ ला फोन करा आणि सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्या. गाडी येईपर्यंत कुशीवर झोपवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढं, तोंड जमिनीकडं कललेलं, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. उताणा ठेवू नका. तोंडात पाणी, ताक, लिंबू काही ओतू नका. एक माणूस शेजारी बसलाच पाहिजे. पोलिसांनी पकडून ठेवलेल्यांनाही हेच लागू. ठाण्यात बाकड्यावर उताणा टाकून दिलेला माणूस पहाटे दगावतो तो उलटी अडकून.

---

कळंबा_ते_क्लीव्हलँड

अमेरिकेच्या प्रश्नाला उत्तर देतो. तो व्हिडिओ खरा आहे पण अर्धा. त्याला टेलगेटिंग म्हणतात: मोटारीचं मागचं दार उघडून तिथंच स्वयंपाक आणि पार्टी. तिथंही बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर उघडी बाटली घेऊन फिरणं हा गुन्हाच आहे. विद्यापीठ ठरावीक पार्किंगमध्ये, ठरावीक तासांपुरती सूट देतं. त्या हद्दीची रेघ ओलांडून ग्लास हातात घेऊन फुटपाथवर आलं की चलन फाटतं. बऱ्याच विद्यापीठांत काचेची बाटली, बिअरचं पिंप आणि पैज लावून प्यायचे खेळ यांना मनाई असते.

वयाची मर्यादा २१, आणि ती १९८४ च्या केंद्रीय कायद्यामुळं सगळ्या राज्यांत सारखी झाली. कॉलेजची बरीच मुलं त्याखालची असतात, म्हणून पोलिसांचं मुख्य काम तिथं वय तपासणं हेच असतं. साध्या वेशातले अधिकारी पार्किंगमधून फिरतात, ओळखपत्र मागतात. वय कमी निघालं तर दंड, कोर्टाची तारीख, वर विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई, आणि खोटं ओळखपत्र दाखवलं तर तो आणखी वेगळा गुन्हा. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या विद्यापीठांत दारूमुळं एकदा बाहेर काढलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या सामन्याला आधी फुंकून दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत, अशी पद्धत चालवली गेली. गाडी चालवायची मर्यादा तिथं बहुतेक राज्यांत ८० मिलिग्रॅम, युटामध्ये ५०. आपली ३० त्याहून कडक आहे.

तुमच्या मध्यंतराच्या प्रश्नाला लागू पडेल असं एक उदाहरण आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात प्रेक्षक मध्यंतरात बाहेर गाडीकडं जायचे, भराभर पिऊन परत यायचे. २०११ मध्ये त्यांनी बाहेर जाऊन परत येण्याची सोयच बंद केली. त्याच वेळी आत बिअर विकायला सुरुवात केली. त्या हंगामात पोलिसांकडं येणारी प्रकरणं घटली. आत विक्री आपल्याकडं शक्य नाही आणि मी ती सुचवतही नाही, पण पहिला अर्धा भाग जसाच्या तसा घेता येतो.

---

गेट_नंबर_तीन

वरच्या दादांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मध्यंतरात परत प्रवेश नाही, हा एकच नियम बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो. कारण साधं आहे: दोन तास निवांत प्यालेल्यापेक्षा दहा मिनिटांत क्वार्टर रिचवून आलेला जास्त त्रास देतो. त्याला चढते ती उत्तरार्ध सुरू झाल्यावर, नेमकी सामना तापलेला असताना.

पण नियम राबवायचा तर आत तीन सोयी लागतात, नाहीतर लोकांना बाहेर सोडावंच लागतं. पाणी, वर सांगितलं तसं. लघवीची सोय: मुताऱ्या कमी पडत असतील तर महापालिकेकडं फिरत्या शौचालयाची मागणी आठवडाभर आधी, लेखी. आणि खायला काहीतरी, भेळ-वडापावची दोन-तीन दुकानं गॅलरीच्या मागं. रिकाम्या पोटाचं काय होतं ते डॉक्टरांनी लिहिलंच आहे. तिकिटावर 'बाहेर गेल्यास परत प्रवेश नाही' असं छापून घ्या. आता छपाई झाली असेल तर रबरी शिक्का मारा, आणि गेटवर मोठा फलक. तातडीचं कारण असलेल्याला, लहान मूल किंवा औषध वगैरे, मनगटावर शाईचा शिक्का मारून एकाच गेटनं सोडा आणि त्याच गेटनं परत घ्या. शिक्क्याचा रंग सकाळपर्यंत कुणाला सांगू नका.

---

खाकी_निवृत्त

सामना सुटल्यानंतरचं राहिलं, ते लिहितो. दोन्ही गटांना एकाच वेळी सोडू नका. हरलेल्या संघाचे समर्थक आधी बाहेर, आणि ते आपल्या पेठेच्या वाटेला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जिंकलेले. जिंकलेल्यांना तेवढा वेळ थांबायला कारण हवं, म्हणून बक्षीस समारंभ मैदानात आणि लगेच ठेवायला आयोजकांना सांगा. मिरवणुकीचा मार्ग आदल्या दिवशी लेखी द्या. विरोधी पेठेच्या तोंडावरून जाणारा मार्ग मागू नका, मिळणारही नाही. हलगी चालेल. दुचाकीवर तिघं आणि सायलेन्सर काढलेला, हे चालणार नाही. नाकाबंदी साडेपाचपासूनच लागलेली असेल.

दुचाक्यांसाठी एक करा. ज्यांनी घेतलीय त्यांच्या चाव्या सामन्याआधीच तालमीत एका वडीलधाऱ्या माणसाकडं जमा करून घ्या, प्रत्येक चावीला नावाची चिठ्ठी बांधून. न प्यालेले चालक आधीच ठरवा आणि त्यांची नावं व नंबर ठाणे अंमलदाराकडं द्या. रात्री कुणाला घरी सोडायचं असेल तर पोलिस मग त्यांनाच फोन करतात.